समिट, पॅट

(१४ जून १९५२ – २८ जून २०१६). महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलमधील ख्यातनाम अमेरिकन प्रशिक्षक. नॉक्सव्हिल येथील टेनेसी विद्यापीठाच्या ‘लेडी व्हॉल्स’ या संघाची धुरा त्यांनी १९७४ ते २०१२ अशी सलग ३८ हंगाम सांभाळली. या काळात संघाने १,०९८ सामने जिंकले, २०८ गमावले आणि आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. महिन्याला २५० डॉलरवर सुरू झालेली त्यांची नोकरी २००६ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. महिला बास्केटबॉलमध्ये एवढे वेतन मिळवणाऱ्या त्या पहिल्या प्रशिक्षक होत. या सगळ्या काळात त्यांनी संस्था एकदाही बदलली नाही. त्यामुळे स्त्रियांच्या खेळाला अमेरिकेत कसकशी किंमत येत गेली, हे त्यांच्या वेतनाच्या चढत्या आकड्यांत स्वच्छ वाचता येते.

त्यांचे माहेरचे नाव पॅट्रिशिया स्यू हेड. जन्म टेनेसी राज्यातील क्लार्क्सव्हिल येथे, शेतकरी कुटुंबात झाला. तीन थोरले भाऊ आणि एक धाकटी बहीण. तंबाखूच्या शेतातली कामे, गवताचे भारे वाहणे, गायींच्या धारा काढणे यांतून मुलींनाही सुटका नव्हती. दिवसभराची कामे उरकली की भावंडे गोठ्याच्या माळ्यावर, गवत रचून उरलेल्या जागेत बास्केटबॉल खेळत. गावातल्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून वडील रिचर्ड हेड यांनी बिऱ्हाड शेजारच्या हेन्रिएटा येथे हलवले. कडक, अबोल आणि मुलांचे कौतुक न करणाऱ्या या शेतकऱ्याने मुलीच्या खेळासाठी घर बदलावे, ही गोष्ट तिच्या पुढच्या कारकिर्दीइतकीच मोलाची आहे. भावांना महाविद्यालयात खेळाची शिष्यवृत्ती मिळाली. पॅट मार्टिन येथील टेनेसी विद्यापीठाच्या शाखेत गेल्या तेव्हा मुलींसाठी अशी शिष्यवृत्ती नव्हतीच; त्यांची फी आईवडिलांनी भरली.

सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा अमेरिकेत १९७२ मध्ये झाला. तो कागदावर आला, पण संघ, मैदान आणि पैसा यांपर्यंत पोहोचायला त्याला अनेक वर्षे लागली. समिट यांची सुरुवात नेमकी या मधल्या काळातली. १९७४ मध्ये त्या पदव्युत्तर शिक्षण घेत साहाय्यकाचे काम करण्यासाठी नॉक्सव्हिलला आल्या. तेवढ्यात महिला संघाच्या प्रशिक्षक दीर्घ रजेवर गेल्या आणि बावीस वर्षांच्या पॅट यांच्याकडे मुख्य प्रशिक्षकपद आले. संघातल्या काही मुली त्यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान होत्या. महिना २५० डॉलरवर त्या संघाला शिकवत, सामन्यांना गाडी स्वतः चालवत नेत आणि परतल्यावर खेळाडूंचे गणवेशही धूत. ते गणवेशही डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले होते. परगावी एकदा संपूर्ण संघ प्रतिस्पर्ध्यांच्याच व्यायामशाळेत जमिनीवर झोपला. ७ डिसेंबर १९७४ रोजीचा पहिला सामना मर्सर विद्यापीठाने ८४–८३ असा एका गुणाने जिंकला. तो पाहायला पन्नासच्या आसपास माणसे होती.

पुरुषांच्या बास्केटबॉलमधील सर्वांत मोठे प्रशिक्षक जॉन वुडन यांचा तो शेवटचा हंगाम होता. दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवूनही वुडन यांना विद्यापीठाकडून कधीच वर्षाला ३५ हजार डॉलरहून अधिक वेतन मिळाले नाही. प्रशिक्षकाला कोट्यवधी देण्याची रीत तेव्हा पुरुषांच्या खेळातही नव्हती. तरीही वर्षाला तीन हजार आणि पस्तीस हजार यांतले अंतर डोळ्यांआड करता येत नाही.

खेळाडू म्हणूनही समिट मोठ्या होत्या. महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षी गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, पण त्या त्यातून सावरल्या आणि १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघाच्या सहकर्णधार म्हणून रौप्यपदक घेऊन आल्या. महिला बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आले ते त्याच वर्षी. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेने सुवर्णपदक जिंकले. टेनेसीतील शाळांत मुली सत्तरच्या दशकात सहा-सहा जणींचा अर्धवट खेळ खेळत: तिघींनी फक्त गुण करायचे, तिघींनी फक्त बचाव करायचा, मध्यरेषा कोणी ओलांडायची नाही. पूर्ण मैदान न खेळलेल्या मुली आपल्या काय कामाच्या, असे समिट उघडपणे म्हणत राहिल्या. १९७९ मध्ये तो नियम बदलला. त्यांच्या कामांतील हे काम सर्वांत कमी सांगितले जाते, पण राज्यातल्या हजारो मुलींना पूर्ण मैदान मिळाले ते यामुळे.

पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९८७ मध्ये आले. त्यानंतर १९८९, १९९१, १९९६, १९९७, १९९८, २००७ आणि २००८. शमीक होल्ड्सक्लॉ आणि तमिका कॅचिंग्स एकत्र खेळल्या त्या १९९७–९८ च्या हंगामात संघ ३९–० असा अपराजित राहिला. शेवटच्या दोन विजेतेपदांची नायिका कँडेस पार्कर. कनेटिकटचे प्रशिक्षक जिनो ऑरिएमा यांच्याशी १९९५ ते २००७ या काळात झालेल्या बावीस सामन्यांपैकी टेनेसीने नऊ जिंकले, तेरा गमावले. महिला बास्केटबॉल घरोघरी दूरचित्रवाणीवर पाहिले जाऊ लागले त्यात या चुरशीचा वाटा फार मोठा आहे. मार्च २००५ मध्ये ८८० वा विजय मिळवून समिट यांनी पुरुष संघाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांचा विक्रम मागे टाकला आणि पुरुष व महिला अशा दोन्ही विभागांत पहिल्या श्रेणीतील सर्वाधिक विजय त्यांच्या नावावर जमा झाले. विद्यापीठाने मैदानाला त्यांचे नाव दिले.

मिळकत व करार : टेनेसी हे राज्य सरकारचे विद्यापीठ असल्याने प्रशिक्षकाचा करार ही सार्वजनिक नोंद असते आणि वृत्तपत्रे ती आकड्यांसह छापतात. अमेरिकेतील अनेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसून एखाद्या विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. या रकमेत मूळ वेतन हा एक भाग. त्याखेरीज दूरचित्रवाणी व नभोवाणी कार्यक्रमांचा मोबदला, बूट-कपडे पुरवणाऱ्या कंपन्यांचे पैसे आणि स्पर्धांतील यशाबद्दलची बक्षिसे यांची करारात स्वतंत्र कलमे असतात. मुदतीआधी काढले किंवा कोणी सोडून गेले तर कोणी कोणाला किती भरपाई द्यायची, हेही आधीच ठरलेले असते. हा पैसा मुख्यतः तिकिटे, प्रक्षेपणाचे हक्क आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या यांतून येतो. त्यामुळे प्रेक्षक खेचणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाती वाटाघाटीत वजन येते. महिला संघांच्या प्रेक्षकसंख्येत टेनेसी अनेक वर्षे देशात पहिल्या क्रमांकावर होते.

मे २००६ मध्ये झालेला करार सहा वर्षांचा होता. पहिल्या वर्षी ११ लाख २५ हजार डॉलर, नंतर दरसाल ७५ हजारांची वाढ, शेवटच्या वर्षी १५ लाख. एकूण ७८ लाखांहून अधिक. बातम्यांनी दहा लाखांचा टप्पा साजरा केला, आणि ते योग्यच होते. पण त्या वेळी त्यांच्या नावावर बत्तीस हंगाम, नऊशेहून अधिक विजय आणि सहा विजेतेपदे होती. एवढे सगळे झाल्यावर आलेले वेतन म्हणजे औदार्य नव्हे, थकबाकी होती. फेब्रुवारी २००९ मध्ये हजारावा विजय मिळाला, तेव्हा विद्यापीठाने त्यांना दोन लाख डॉलरचे बक्षीस देऊन करार २०१४ पर्यंत वाढवला.

विद्यापीठाच्या पुरुष संघाचे प्रशिक्षकपद १९९४ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये त्यांच्यापुढे आले. दोन्ही वेळा त्यांनी नकार दिला. पुरुषांना शिकवणे म्हणजे बढती असे का धरायचे, हा त्यांचा प्रश्न होता. वेतन वाढायचे तर इथेच, याच कामासाठी वाढले पाहिजे, हा आग्रह त्यांनी धरला नसता तर पुढच्या स्त्रियांना दाखवायला आकडाच मिळाला नसता. महिला खेळांत पैसा आला त्याला दुसरीही बाजू आहे. १९७२ मध्ये महिला संघांच्या दहापैकी नऊ प्रशिक्षक स्त्रिया होत्या. वेतने वाढली तसे पुरुष या नोकऱ्यांकडे वळले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेले.

कामाची पद्धत : खेळाडूंनी वर्गात पहिल्या तीन रांगांत बसायचे, तास चुकवला तर सामना नाही, हे नियम सर्वांना सारखे होते. खेळण्याची मुदत पूर्ण करणारी त्यांची प्रत्येक खेळाडू पदवीधर झाली. खेळाडू मिळवण्याची त्यांची जिद्द सांगणारा प्रसंग सप्टेंबर १९९० चा. दिवस भरत आलेले असताना त्या मिशेल मार्सिनिअॅक या शाळकरी खेळाडूला भेटायला विमानाने पेनसिल्व्हेनियात गेल्या. तिच्या घरीच कळा सुरू झाल्या. बोलणे पूर्ण करून मगच त्या विमानात बसल्या. वाटेत वैमानिक व्हर्जिनियात उतरायला तयार होता, पण समिट यांनी साफ नकार दिला. त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या संघाने टेनेसीला राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर काढले होते, आणि आपले मूल त्या राज्यात जन्माला येणे त्यांना मंजूर नव्हते. मुलगा टायलर नॉक्सव्हिललाच जन्मला. मार्सिनिअॅक आधी दुसऱ्या विद्यापीठात गेली, मग टेनेसीत आली आणि १९९६ च्या अंतिम फेरीत सर्वोत्तम खेळाडू ठरली.

२३ ऑगस्ट २०११ रोजी समिट यांनी आपल्याला अल्झायमर झाल्याचे स्वतः जाहीर केले. तेव्हा त्या ५९ वर्षांच्या होत्या. कराराची मुदत अजून शिल्लक होती आणि विद्यापीठाने त्यांना पदावर ठेवले. तो हंगाम त्यांनी जुन्या शिष्या व सहकारी हॉली वॉर्लिक यांच्यावर बरीचशी जबाबदारी सोपवून पार पाडला; संघ २७ सामने जिंकून राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत पोहोचला. स्मृतीवर घाला घालणारा आजार लपवण्याची सर्वत्र रीत असताना, रोज हजारो लोकांसमोर उभे राहण्याचे काम करणाऱ्या व्यक्तीने तो असा सांगणे हे मोठ्या धैर्याचे होते. १८ एप्रिल २०१२ रोजी त्या पायउतार झाल्या. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. २०१६ मध्ये नॉक्सव्हिल येथे त्यांचे निधन झाले. अल्झायमरवरील संशोधनासाठी त्यांनी स्थापन केलेला निधी त्यांच्या नावाने चालतो.

त्यांचा विजयांचा विक्रम डिसेंबर २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या प्रशिक्षक टॅरा व्हॅनडर्व्हिअर यांनी मोडला. वेतनाचे आकडेही पुढे गेले. २०२३ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाने महिला संघाच्या प्रशिक्षक किम मल्की यांच्याशी दहा वर्षांचा ३ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कॅरोलायना विद्यापीठाने आपल्या प्रशिक्षक डॉन स्टेली यांचे वेतन वर्षाला ४० लाख डॉलर ठरवले. १९९० मध्ये टेनेसीला हरवणाऱ्या व्हर्जिनियाच्या संघात स्टेली खेळाडू होत्या.