तुंबण्याआधीचे काम

सुरत म्हटले की मराठी मनासमोर १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात. या शहराच्या आश्रयाने पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या कुटुंबांनी मात्र आणखी एक साल विसरता कामा नये. ते १९९४ होय.

त्या वर्षी पाऊस जोराचा झाला. तापीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी साचले, गटारे तुंबली आणि सप्टेंबरात वेडरोडच्या बाजूस फुफ्फुसाच्या प्लेगने माणसे दगावू लागली. काही दिवसांतच लाखो लोक शहर सोडून गेले. प्लेगचा जंतू गटारात जन्मत नाही, तो उंदीर व पिसवांच्या वाटेने येतो, हे खरे. परंतु त्या उंदरांना आसरा देणारी घाण आपल्याच दारची होती.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी शहराचे सहा विभाग पाडले, विभागीय अधिकाऱ्यांना अधिकार दिले आणि त्यांना रोज कचेरीबाहेर, रस्त्यावर आणले. १९९६ साली ‘इंटॅक’ या संस्थेने चंडीगडखालोखाल सुरतेस देशातील स्वच्छ शहर ठरविले. या यशामागे कोणतेही अद्भुत तंत्र नव्हते. कोणत्या कामास कोण जबाबदार हे ठरले, आणि ते काम तक्रार येण्याची वाट न पाहता रोज होऊ लागले, एवढेच.

आमचे कोसाड तापीच्या उत्तरेस. २००६ साली शहराची हद्द वाढली तेव्हा ते महापालिकेत आले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात उकाईचे पाणी सुटून बहुतेक सुरत बुडाली. पूर ओसरला तरी नळांत बसलेला गाळ आपोआप जात नाही. पुढे येथे आवास योजनेच्या इमारती उभ्या राहिल्या, दुकाने आणि भाड्याच्या खोल्या वाढल्या. रस्त्याखालचे गटार महापालिकेचे. परंतु स्वयंपाकघराच्या मोरीपासून रस्त्यावरील चेंबरपर्यंतचा नळ घरमालकाचा. भाड्याच्या वास्तूत नेमका हाच तुकडा पोरका होतो. मालक म्हणतो, वापरतो तो भाडेकरू. भाडेकरू म्हणतो, घर मालकाचे.

जुन्या शहरांतील गटारांची दुखणी सर्वत्र सारखीच आहेत. चिनी मातीच्या नळांचे सांधे सुटतात आणि त्यांतून पिंपळाची मुळे आत शिरतात. खानावळीचे तेल नळात थिजून थर धरते. गच्चीच्या पन्हळी मैल्याच्या नळास जोडल्या की पहिल्याच सरीत चेंबर उफाळते. उपायही साधेच आहेत. मृगापूर्वी प्रत्येक चेंबरचे झाकण उघडून पाहावे, खानावळीच्या मोरीस तेल अडविणारी टाकी बसवून ती नियमित उपसावी, पावसाचे पाणी वेगळे काढावे आणि ही कामे कोणी करावयाची हे भाडेकरारात लिहून ठेवावे.

हा केवळ खर्च वाचविण्याचा प्रश्न असता तर आम्ही येथे लेखणी उचलली नसती. वर्षभर दुर्लक्षिलेले चेंबर एके दिवशी तुंबते, भाडेकरू ओरडतात आणि घाईघाईने एखाद्या गरिबास चार पैसे देऊन खाली उतरविले जाते. साचलेल्या मैल्यातील हायड्रोजन सल्फाइड वायू त्याला पुन्हा वर येऊ देईलच असे नाही. २०१३ च्या कायद्याने गटारात माणूस असे संरक्षणाविना उतरविणे गुन्हा ठरविले आहे, आणि हा कायदा खाजगी मालकासही लागू आहे. अशा मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली. २०२३ साली ती तीस लाख केली. तरीही माणसे मरतच आहेत.

वेळेवर साफ केलेल्या नळास लांब सळई आणि पाण्याचा झोत पुरतो. माणूस उतरवावा लागतो तो आधीच्या आळसामुळे. आपल्यापैकी अनेकांची घरे आज भाड्याने दिलेली आहेत. पूर्वजांनी वास्तू मिळविली, तिच्या भाड्यावर आपला हक्क आहे. त्याच वास्तूच्या गटारावरही तो तितकाच आहे, हे आपण मान्य केले पाहिजे.