गिरिभ्रमणातील जीपीएस साधने

गिरिभ्रमणातील जीपीएस साधने म्हणजे डोंगरवाटा, जंगलातील पाऊलवाटा व कच्चे रस्ते यांवर स्वतःचे स्थान आणि पुढील दिशा ठरविण्यासाठी वापरली जाणारी उपग्रहाधारित उपकरणे, मोबाइल उपयोजने व अंकीय नकाशे होत. शहरी रस्त्यांवर उपयोगी पडणारे साधन डोंगरात तितकेच उपयोगी पडेल असे नाही. त्यामुळे साधनाची निवड भूप्रदेश, ऋतू, वीज व मोबाइल जाळ्याची उपलब्धता आणि नकाशाचा दर्जा यांवर अवलंबून असते. या लेखात महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांच्या संदर्भात या निवडीचे निकष दिले आहेत.

भौगोलिक पार्श्वभूमी

पेण व रोहा हे तालुके सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात येतात. पेण शहर भोगावती नदीकाठी, तर रोहा कुंडलिका नदीकाठी वसले आहे. पेण तालुक्यात सांकशी, तर रोहा तालुक्यात अवचितगड, सुरगड व घोसाळगड हे किल्ले आहेत. अवचितगडावर मेढे, पडम आणि पिंगळसई या गावांकडून वाटा जातात. फणसाड वन्यजीव अभयारण्य मुरूड व रोहा तालुक्यांत पसरले आहे.

या किल्ल्यांची उंची सह्याद्रीच्या मुख्य रांगेतील गडांच्या मानाने कमी आहे. तरीही येथे वाट चुकण्याचा संभव कमी नसतो. दाट झाडीत गुरांच्या वाटा (ढोरवाटा), लाकूडफाट्यासाठी पडलेल्या वाटा आणि वाडीवस्तीच्या वाटा एकमेकींत मिसळतात. पावसाळ्यात गवत व झुडपे वाढून मूळ वाट झाकली जाते आणि धुक्यामुळे माथ्याच्या खुणा दिसत नाहीत. पश्चिमेकडील खाडीपट्ट्यात खारजमिनीचे बांध आहेत. उपग्रहचित्रात असा बांध रस्त्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो अरुंद असतो आणि पावसाळ्यात निसरडा होतो.

कार्यपद्धती

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रह प्रणाली आहे. तिचे काम इ.स. १९७३ मध्ये सुरू झाले आणि १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. नागरी वापरासाठीच्या संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. त्यानंतर सामान्य संग्राहकाची अचूकता लक्षणीय वाढली. रशियाची ग्लोनास, युरोपीय संघाची गॅलिलिओ, चीनची बैदू आणि भारताची नाविक या तत्सम प्रणाली आहेत. नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी, तर दुसऱ्या पिढीतील पहिला उपग्रह एनव्हीएस-०१ हा २९ मे २०२३ रोजी प्रक्षेपित झाला. एनव्हीएस-०१ मध्ये एल-१ वारंवारतेचीही सोय आहे. ही वारंवारता सर्वसाधारण मोबाइलमध्ये वापरली जाते.

स्थाननिश्चितीसाठी किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची अचूकता साधारणतः पाच मीटरच्या आसपास असते. कड्याखाली किंवा अरुंद घळीत संकेत खडकावरून परावर्तित होतात, तर दाट पर्णछत्राखाली ते क्षीण होतात. त्यामुळे त्रुटी बरीच वाढते. एकाहून अधिक प्रणाली आणि दोन वारंवारता (एल-१ व एल-५) वापरणारे संग्राहक अशा ठिकाणी अधिक विश्वसनीय ठरतात. आडव्या स्थानाच्या तुलनेत उंचीचे मापन कमी अचूक असते. म्हणून काही उपकरणांत वायुभारमापक बसविलेला असतो.

जीपीएस संकेत घेण्यास मोबाइल जाळ्याची गरज नसते. मात्र जाळे नसल्यास पहिली स्थाननिश्चिती होण्यास अधिक वेळ लागतो आणि आधी उतरवून न घेतलेला नकाशा दिसत नाही. अशा वेळी कोऱ्या पडद्यावर केवळ एक बिंदू दिसतो.

साधनांचे प्रकार

* मोबाइल उपयोजने: ऑस्मॲण्ड आणि ऑर्गॅनिक मॅप्स ही उपयोजने ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा जाळ्याविना दाखवतात. पाऊलवाटा व समोच्च रेषा ही त्यांची जमेची बाजू होय. गूगल मॅप्स मुख्यतः वाहनरस्त्यांसाठी उपयुक्त आहे. पायथ्याच्या गावापर्यंत पोहोचण्यास ते पुरेसे असते.
* हातात धरायचे जीपीएस संच: गार्मिनच्या ईट्रेक्स मालिकेतील अनेक संच दोन ‘डबल ए’ सेलांवर सुमारे २५ तास चालतात. त्यांना बटणे असल्याने ओल्या हातांनीही वापरता येतात. पडदा लहान असणे आणि किंमत अधिक असणे या त्यांच्या मर्यादा आहेत.
* मनगटी घड्याळे: चाललेल्या मार्गाची नोंद ठेवण्यास सोयीची असतात, परंतु नकाशा वाचण्यास अपुरी पडतात.
* वाहनातील पडदे: कच्च्या रस्त्यावर मोठा पडदा व अखंड वीजपुरवठा उपयोगी पडतो. मात्र अंगभूत नकाशात वनरस्ते व बैलगाडीच्या वाटा बहुधा नसतात.

उपग्रह संदेशक व उपग्रह दूरध्वनी हा वेगळा प्रकार आहे. ही उपकरणे संकेत केवळ घेत नाहीत, तर प्रक्षेपितही करतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय त्यांचा वापर बेकायदेशीर असून थुराया व इरिडियम दूरध्वनींवर बंदी आहे. परदेशातून आलेल्या गिर्यारोहकांनी ही बाब ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

नकाशांचे स्रोत

भारतीय सर्वेक्षण विभागाचे (स्थापना १७६७) १:५०,००० प्रमाणावरील नकाशे हा मूळ आधार मानला जातो. या नकाशांवर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, तर मुक्त मालिकेतील नकाशे जीपीएसप्रमाणेच डब्ल्यूजीएस-८४ वर आधारलेले आहेत. जुन्या नकाशावरून घेतलेले निर्देशांक तसेच जीपीएस संचात भरल्यास या भागात सुमारे शंभर मीटरचा फरक पडू शकतो.

ओपनस्ट्रीटमॅप (स्थापना २००४) स्वयंसेवकांनी भरलेल्या माहितीवर चालतो. त्यातील एखादी वाट कोणी व कोणत्या ऋतूत नोंदविली यावर तिची विश्वसनीयता ठरते. अशा नकाशांवरील समोच्च रेषा बहुधा २००० च्या अवकाशयान रडार सर्वेक्षणातून घेतलेल्या असतात. त्यातील नमुन्यांचे अंतर सुमारे ३० मीटर असल्याने लहान कातळटप्पा नकाशावर साध्या चढासारखा दिसतो. इस्रोचे भुवन हे संकेतस्थळ (२००९) उपग्रहचित्रे पाहण्यास उपयोगी आहे.

निर्देशांक लेखनातील गोंधळ

अक्षांश-रेखांश दशांश अंशात किंवा अंश-मिनिटांत लिहितात. या दोन पद्धतींत गल्लत झाल्यास काय घडते याचे उदाहरण याच परिसरात मिळते. रोह्याचा अक्षांश दशांश पद्धतीने सुमारे १८.४४ अंश आहे. तोच आकडा ‘१८ अंश ४४ मिनिटे’ असा वाचल्यास तो १८.७३ अंश होतो, आणि हा पेणचा अक्षांश आहे. दोन्ही शहरांचे रेखांश जवळपास सारखेच असल्याने रोह्यासाठी निघालेले मदत पथक ३० किलोमीटरहून अधिक उत्तरेला पेणला पोहोचेल. म्हणून स्थान कळविताना पद्धतीचा उल्लेख करणे आणि जवळच्या गावाचे नाव जोडणे इष्ट समजले जाते.

निवडीचे व्यावहारिक निकष

एक दिवसाच्या पदभ्रमणासाठी नकाशा उतरवून घेतलेला मोबाइल, जलरोधक आवरण व पॉवर बँक सामान्यतः पुरेशी असते. विमान मोडवर ठेवल्यास वीज वाचते व बहुतेक मोबाइलमध्ये स्थाननिश्चिती चालू राहते. पावसाळ्यात स्पर्शपडदा नीट चालत नसल्याने बटणांचा संच श्रेयस्कर ठरतो. चढताना नोंदविलेला मार्ग परतीसाठी सर्वांत भरवशाचा असतो. जीपीएक्स या खुल्या स्वरूपात तो साठविल्यास इतर साधनांतही वापरता येतो. इतरांनी नोंदविलेला मार्ग वापरताना त्याची तारीख व ऋतू पाहणे आवश्यक असते, कारण हिवाळ्यात सहज ओलांडलेला ओढा जुलैत दुथडी भरून वाहतो. कुंडलिका नदीची पातळी तर भिरा येथील वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यामुळे पाऊस नसतानाही बदलते.

मर्यादा व सुरक्षितता

नकाशावरील वाट म्हणजे प्रवेशाचा अधिकार नव्हे. वनक्षेत्रात व अभयारण्यात वाहन नेण्यास वनविभागाची परवानगी लागते. पावसाळ्यात धोकादायक स्थळांवर प्रशासन प्रवेशबंदीचे आदेश काढते आणि ते उपयोजनांत दिसतीलच असे नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाहनमार्ग नसल्याने बचाव पथकांना पायी चढून जावे लागले. अंतर कमी दिसले तरी डोंगरात मदत पोहोचण्यास लागणारा वेळ वेगळाच असतो.

या कारणांमुळे जीपीएस साधनासोबत कागदी नकाशा, होकायंत्र आणि शक्य तेथे स्थानिक वाटाड्या असावा, असे अनुभवी गिर्यारोहक मानतात. आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा राष्ट्रीय क्रमांक उपलब्ध आहे. गिर्यारोहकांच्या बचावकार्यात महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही संस्था समन्वय करते.

हेही पहा

* नाविक
* ओपनस्ट्रीटमॅप
* भारतीय सर्वेक्षण विभाग
* अवचितगड
* फणसाड वन्यजीव अभयारण्य