हाड कुणी निवडायचं?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याची चिठ्ठी आली होती. घरच्या कुत्र्याला कच्चं हाड द्यावं का, आणि द्यायचं तर कोणतं? चिठ्ठी वाचल्यावर इथे हशा पिकला. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा प्रश्न! पण या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो बराचसा उकिरड्यात सापडतो.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची ती वस्ती. गायीगुरं, शेळ्यामेंढ्या, हरीण, यांची हाडं तिथे मिळाली, आणि कुत्र्याचीही. म्हणजे हाडं टाकणारा होता, तसा चघळणाराही होता. आता गंमत बघा. अशा ठिकाणी अभ्यासकाला जी हाडं मिळतात ती माणसाने खाल्लेली सगळी हाडं नसतात. कुत्र्याने मागे ठेवलेली असतात.

हे नीट सिद्ध केलं सी. के. ब्रेन यांनी, दक्षिण आफ्रिकेत. त्यांच्या आधी रेमंड डार्ट यांनी असा सिद्धांत मांडला होता की माकापान्सगाटच्या गुहेत काही हाडं फार आणि काही अगदी कमी मिळतात, त्या अर्थी आदिमानवाने ती हत्यारं म्हणून निवडून आणली. माणूस मुळातच खुनी, असं चित्र त्यातून उभं राहिलं. ब्रेन यांनी १९६०च्या दशकात नामिबियात, कुइसेब नदीकाठच्या नामा लोकांच्या वस्त्यांतून बोकडांची टाकलेली हाडं गोळा केली. आधी माणसांनी खाल्लेली, मग कुत्र्यांनी चघळलेली. पुढच्या पायाचं खांद्यापासून कोपरापर्यंतचं हाड घ्या. त्याचं कोपराकडचं टोक भरपूर मिळालं, खांद्याकडचं जवळजवळ नाहीच. कारण खांद्याकडचं टोक मऊ, जाळीदार, कोपराकडचं घट्ट. गुहेतल्या हाडांतही साधारण हाच प्रकार होता. चघळणाऱ्या जबड्यांनी केलेल्या निवडीचं खापर आदिमानवाच्या माथी मारलं गेलं होतं!

आता चिठ्ठीकडे या. कुत्रा मऊ, जाळीदार टोक संपवतो आणि नळीचा घट्ट भाग बऱ्याचदा सोडून देतो. आज पशुवैद्य सांगतात तेही याच्या जवळचंच आहे. मोठ्या जनावराची मांडीची नळी देऊ नका; ती फोडताना वरच्या मागच्या मोठ्या दाताचं सबंध कपचं निघतं. बोकडाची मान, छातीचं कुरकुरीत हाड, मांस लागलेली चाप, हे त्यातल्या त्यात बरं. तुकडा एका घासात गिळता येणार नाही एवढा मोठा हवा. आणि कुत्रा खात असताना माणूस जवळ हवा. कितीतरी पशुवैद्य कच्चं हाडही नकोच म्हणतात, जंतूंमुळे आणि घशात अडकण्याच्या भीतीने. घरात रांगतं मूल किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर मीही नकोच म्हणेन.

शिजलेलं हाड मात्र कुणीच देऊ नये. कच्च्या हाडात चिवट धागे असतात, त्यामुळे ते थोडं लवचिक राहतं. शिजवलं की ते धागे विरघळतात, हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या सुया निघतात. रविवारी आपण रश्श्यातली कोंबडीची हाडं मोठ्या मायेने गल्लीतल्या कुत्र्यांपुढे टाकतो. पुण्य म्हणून टाकतो, आणि टाकतो ते सगळ्यात वाईट.

आपल्या परंपरेने या विषयात काय पाहिलं? आपल्याच जिल्ह्यात पवनीला १९६९-७०च्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले, म्हणून बुद्धाचंच उदाहरण घेतो. मज्झिम निकायात पोतलिय नावाच्या गृहस्थाला बुद्ध विचारतात की खाटकाने मांस पूर्ण काढून घेतलेलं, नुसतं रक्त लागलेलं हाड भुकेल्या कुत्र्यापुढे टाकलं तर त्याची भूक भागेल का? नाही भागणार. कामसुखं तशीच. भर्तृहरीनेही हाडावर खूश होणारा कुत्रा रंगवला आहे. शतकानुशतकं आपण यातून कुत्र्याच्या मूर्खपणाचा धडा काढला. पण बुद्धाचे शब्द नीट ऐका. हाड खरवडून साफ केलं खाटकाने. टाकलं त्याने. कुत्र्याला निवडीची संधी होती कुठे?

आणि एक सांगतो, हे थोडं कडू आहे. कोणतं हाड मऊ, कोणतं घट्ट, कोणत्या जनावराच्या फुप्फुसात गाठी, हे ज्यांना हाताने कळत होतं त्यांना आपण गावकुसाबाहेर ठेवलं. पश्चिम महाराष्ट्रात महार वतनाच्या जमिनीचं नावच 'हाडकी हाडोळा'. मेलेली गुरं ओढायची नाहीत, मेलेल्या गुराचं मांस खायचं नाही, असं १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं ते योग्यच होतं. ते काम लादलेलं होतं. पण लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांनी त्या हातांतलं ज्ञान कधी विचारून घेतलं नाही, हाही इतिहासच.

त्या गाठींबद्दल बोललंच पाहिजे. मेंढी, बोकड, म्हैस यांच्या काळजात-फुप्फुसात पाणी भरलेल्या गाठी असतात, त्यांना हायडॅटिड म्हणतात. त्या कुत्र्याने कच्च्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात बारीक टेपवर्म वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून अंगणात, भाजीवर, मुलांच्या हातावर, आणि तिथून माणसाच्या काळजात तशीच गाठ. एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये हा रोग घरोघर होता. १८६३ मध्ये क्राब्बे नावाचे डॅनिश संशोधक तिथे गेले, कुत्र्यांची आतडी तपासली, लोकांना समजेल असं लिहिलं. गाठीची इंद्रियं कुत्र्यांना मिळू न देणं आणि कुत्र्यांना जंताचं औषध देणं, एवढ्यावर त्या देशाने पुढे हा रोग हद्दपार केला.

म्हणजे उत्तर उलटसुलट आहे बघा. हाड द्यायचं तर कच्चं, आणि काळीज-फुप्फुस द्यायचं तर चांगलं उकळून. जंताचं औषध पशुवैद्याला विचारून वेळच्या वेळी. गाठ दिसलेलं काळीज-फुप्फुस उकळूनही नको. खाटकाला सांगून जाळायला लावा, नाहीतर खोल पुरा. वरवर पुरलं तर रात्रीतून उकरलं जातं.