पिकाच्या माथ्यावरून उडणारें विमान

खानदेशांतील तापीकांठचें काळें, सपाट रान ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना वाटेल कीं, पिकावर औषध फवारणाऱ्या विमानास याहून सोयीचें मैदान मिळावयाचें नाहीं. परंतु त्याच रानांत विजेच्या तारा आहेत, उघड्या विहिरी आहेत, कपाशीला लागून केळीच्या बागा आहेत आणि निंदणीस बसलेल्या बाया आहेत. आतां जळगांव-धुळ्याकडेही फवारणीचे ड्रोन आले आहेत. तेव्हां या विद्येचा इतिहास आपणांस काय शिकवितो, तें पाहूं.

३ ऑगस्ट १९२१ रोजीं अमेरिकेंत ओहायो प्रांतांतील ट्रॉय गांवाजवळ लेफ्टनंट जॉन मॅक्रेडी यानें लष्करी विमानांतून एका वृक्षराईवर शिसें व सोमल यांच्या संयुगाची पूड सोडली. झाडें खाणारे सुरवंट हजारोंनीं मेले. पुढल्याच वर्षीं लुइझियानांत कपाशीवर प्रयोग झाले. आपल्या देशांत याच कामासाठीं हिंदुस्थान एरोनॉटिक्सनें ‘बसंत’ नांवाचें विमान तयार केलें. त्याचें पहिलें उड्डाण १९७२ सालीं झालें.

हें विमान इतकें खालून कां उडतें? औषध उंचावरून सोडलें, तर वारा तें भलतीकडे नेतो. म्हणून वैमानिक पिकाच्या शेंड्यांवर अवघ्या दोनतीन मीटरांवरून जातो, आणि तेथेंच संकट आहे. उंचावर इंजिन बिघडलें, तर उतरण्यास जागा शोधतां येते; येथें तेवढा अवधि नसतो. विजेची तार मागच्या रानांत मिसळून जाते. ती दिसते तेव्हां उशीर झालेला असतो. शेताच्या टोकाशीं विमान उचलून वळवावें लागतें. त्या वेळीं वेग घटला, तर पंखांचा आधार सुटतो. खानदेशांतल्यासारख्या तप्त व विरळ हवेंत औषधानें जड झालेलें विमान उचलणें अधिकच कठीण.

दुसरें संकट खालच्या माणसाचें. पहाटे वारा नसतो, म्हणून ती वेळ फवारणीस उत्तम वाटते. परंतु जमिनीलगत थंड आणि वर उष्ण हवा असली, म्हणजे बारीक थेंब वर विरत नाहींत. ते धुक्यासारखे शेजारच्या शेतावर, विहिरीवर, वस्तीवर सरकत जातात. केरळांत कासरगोडच्या काजूबागांवर २००० सालापर्यंत अनेक वर्षें हवेंतून एंडोसल्फान फवारलें गेलें. बागांच्या उतारांवर वस्त्या व ओढे होते. तेथील रहिवाशांच्या व्यंगांची व आजारांची हकीकत देशभर गाजली, आणि २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या औषधावर बंदी घातली.

कायद्यास हा धोका ठाऊक नव्हता असें नाहीं. १९५८ सालीं केरळांत विषारी कीटकनाशक मिसळलेलें अन्न खाऊन शंभरावर माणसें दगावली. त्यानंतर चौकशी होऊन १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. त्याखालीं १९७१ सालीं जे नियम आले, त्यांत विमान-फवारणीची सूचना लोकांस निदान २४ तास आधीं द्यावी, क्षेत्र आंखावें, माणसें व जनावरें ठराविक काळ तेथें जाऊं देऊं नयेत, धुण्याची व प्रथमोपचाराची सोय ठेवावी आणि वैमानिकास विषाच्या लक्षणांचें शिक्षण द्यावें, असें सांगितलें.

ड्रोननें वैमानिकाचा जीव वांचविला, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु निंदणारी बाई, शेजाऱ्याची विहीर, फुलांवरची मधमाशी हीं होतीं तेथेंच आहेत. त्यांचें रक्षण यंत्र करीत नाहीं; आदल्या दिवशींची दवंडी करते.

शहरांत राहणाऱ्या आपणांपैकीं कित्येकांचीं शेतें गांवाकडे दुसऱ्याच्या हातीं आहेत. फवारणीचा निरोप येथून फोनवर जातो. तो देतांना एवढें विचारावें कीं, शेजारच्या शेतांत उद्यां कोण कामास येणार आहे, आणि त्यांस कळविलें आहे काय?