टॅबलेटवर सिंथ वाजवताय? स्टेजवर आवाज मिक्सरपर्यंत असा पोहोचवा

आयपॅडवर कॉर्ग मॉड्यूल, मूग मॉडेल १५ किंवा फुकट मिळणारं गॅरेजबँड, अँड्रॉइडवर एफएल स्टुडिओ मोबाइल. अशी ॲप्स टाकली की हजारो रुपयांच्या कीबोर्डसारखा सिंथ टॅबलेटमध्येच मिळतो. घरी हेडफोन लावून वाजवताना सगळं झकास वाटतं. पण गॅदरिंगच्या किंवा गणपतीच्या कार्यक्रमात साउंडवाला दादा विचारतो, "आउटपुट कुठून देणार?" तेव्हा आपली गाडी अडते. टॅबलेटमधून मोठ्या साउंड सिस्टीमला आवाज कसा द्यायचा, ते आज सविस्तर पाहू.

ब्लूटूथचा विचार सोडून द्या

गाणी ऐकायला ब्लूटूथ चांगलं आहे, पण लाइव्ह वाजवायला ते उपयोगाचं नाही. आवाज आधी आकुंचित होतो, मग हवेतून जातो, मग स्पीकरमध्ये परत उलगडतो. या सगळ्यात साधारण १०० ते २०० मिलिसेकंद सहज जातात. १२० च्या टेम्पोत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते, म्हणजे तिचा पाव भाग १२५ मिलिसेकंद. तुम्ही की दाबली आणि आवाज पाव मात्रा उशिरा आला, तर ड्रमरसोबत वाजवणं अशक्यच. वेगळ्या प्रकारे सांगायचं तर आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १५० मिलिसेकंदांचा उशीर हा स्पीकर तुमच्यापासून पन्नास मीटर लांब ठेवल्यासारखा आहे. त्यामुळे वायर हवीच.

हेडफोन जॅक आणि गायब होणारा आवाज

टॅबलेटला ३.५ मिमीचा जॅक असेल तर तो सगळ्यात सोपा मार्ग. आयपॅड प्रोमधून हा जॅक २०१८ मध्ये गेला आणि २०२२ च्या साध्या आयपॅडमध्येही तो राहिला नाही. अशा टॅबलेटला यूएसबी-सीचा अडॅप्टर लागतो. अडॅप्टर घेताना त्यात 'डॅक' चिप आहे ना, एवढं बघा. काही स्वस्त अडॅप्टरमध्ये चिपच नसते, नुसती वायर असते. आयपॅडवर आणि बऱ्याच अँड्रॉइड टॅबलेटवर ते मुकेच राहतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. माझ्या मते टॅबलेटवाल्यांचे निम्मे घोळ इथेच होतात.

हेडफोनच्या पिनला तीन भाग असतात: टोकाला डावा आवाज, मधल्या रिंगवर उजवा आणि मागे ग्राउंड. मिक्सरच्या लाइन इनपुटलाही बऱ्याचदा तीनच संपर्क असतात, पण त्यांचा अर्थ वेगळा. ते इनपुट 'बॅलन्स्ड' असतं. एका तारेवर आवाज सरळ येणार, दुसऱ्या तारेवर तोच उलटा येणार, असं ते धरून चालतं आणि दोन्हींमधला फरक तेवढा पुढे पाठवतं. वाटेत शिरलेली खरखर दोन्ही तारांवर सारखीच असते, म्हणून ती वजाबाकीत निघून जाते. युक्ती छानच आहे.

पण आपण दोन्ही टोकांना स्टिरिओ पिन असलेली साधी केबल एकाच चॅनेलला लावली की मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. डाव्या-उजव्यात जे जे सारखं आहे ते सगळं गायब! बेस, किक, मधोमध वाजणारी लीड, सगळं जातं. उरते ती कोरस आणि रिव्हर्बची पोकळ झुळूक. आवाज 'विहिरीतून' आल्यासारखा वाटतो, दादा गेन वाढवत बसतो आणि फरक काही पडत नाही. असा आवाज आला तर ॲपच्या सेटिंगमध्ये शिरू नका, आधी केबल बघा.

योग्य केबल म्हणजे एका बाजूला ३.५ मिमी स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला ६.३५ मिमीच्या दोन मोनो पिना. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत या मोठ्या मोनो पिनेला 'पी-३८' म्हणतात. तसंच मागा. दोन पिना दोन चॅनेलला लावायच्या आणि पॅन एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. मिक्सरवर एकच चॅनेल रिकामा असेल तर टॅबलेटच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करा आणि फक्त डावी पिन लावा. चुकीच्या केबलवर मात्र हा मोनोचा उपाय करू नका. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या झाल्या की वजाबाकीत शून्यच उरणार.

डीआय बॉक्स: छोटा डबा, मोठं काम

मिक्सर प्रेक्षकांच्या मागे आणि तुम्ही स्टेजवर असाल, तर वीस-तीस मीटर साधी केबल टाकून चालत नाही, आवाजात खरखर शिरते. तिथे डीआय बॉक्स लागतो. तुमची छोटी केबल त्यात जाते आणि पुढे माइकच्या एक्सएलआर वायरने आवाज मिक्सरपर्यंत जातो. बहुतेक साउंडवाल्यांकडे तो असतो, पण आधी फोन करून "स्टिरिओ डीआय आहे का?" हे विचारून ठेवा.

ट्रान्सफॉर्मरवाल्या डीआयचे आणखी दोन फायदे. टॅबलेट चार्जिंगला लावला की जी 'घूं' ऐकू येते, ती बऱ्याचदा चार्जर आणि मिक्सर यांच्या ग्राउंडचं वर्तुळ तयार झाल्यामुळे येते. डीआयवरचं 'ग्राउंड लिफ्ट' बटण दाबलं की ती सहसा थांबते. चार्जर काढल्यावर 'घूं' बंद होत असेल तर कारण हेच समजा. दुसरं म्हणजे मिक्सरवर माइकसाठी ४८ व्होल्टची फँटम पॉवर चालू असू शकते. ती थेट हेडफोन जॅकपर्यंत जाऊ देणं धोक्याचं आहे. ट्रान्सफॉर्मर ती अडवतो.

वारंवार वाजवणार असाल तर ऑडिओ इंटरफेस

फोकसराइट स्कार्लेटसारखा इंटरफेस यूएसबीने टॅबलेटला जोडला की थेट दोन बॅलन्स्ड आउटपुट मिळतात. घेताना तो 'क्लास कम्प्लायंट' आहे का, ते पाहा, म्हणजे वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आयपॅडवर असे इंटरफेस सहसा बिनबोभाट चालतात. अँड्रॉइडमध्ये यूएसबी ऑडिओची सोय ५.० पासून आहे, पण प्रत्येक टॅबलेटवर अनुभव वेगळा. म्हणून आपल्याच टॅबलेटवर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. यामाहा एमजी१०एक्सयूसारख्या मिक्सरमध्ये यूएसबी इंटरफेस आतच असतो, तो मिळाला तर बॉक्सही नको.

इंटरफेस वीज टॅबलेटकडूनच ओढतो. मिडी कीबोर्डही लावायचा असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या, नाहीतर मधेच कनेक्शन तुटेल. आणखी एक गंमत: काही कीबोर्डमध्येही ऑडिओ इंटरफेस दडलेला असतो. तो जोडला की टॅबलेट आवाज तिकडेच पाठवतो आणि आपल्याला वाटतं ॲप बिघडलं.

ॲपमध्ये 'बफर' नावाचं सेटिंग दिसेल. ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पल म्हणजे साधारण ५.३ मिलिसेकंद. मी २५६ वरच ठेवतो. १२८ वर बोटांना जास्त बरं वाटतं, पण जुन्या टॅबलेटवर जड आवाज वाजवताना कटकट ऐकू येते, आणि स्टेजवर ती कटकट अडीच-तीन मिलिसेकंद उशिरापेक्षा कितीतरी वाईट.

साउंडचेकच्या आधी एअरप्लेन मोड आणि 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा, ऑटो-लॉक बंद करा. जॅकवरून वाजवत असाल तर टॅबलेटचा आवाज ८० टक्क्यांच्या आसपास ठेवून उरलेलं मिक्सरवर वाढवायला सांगा. इंटरफेस लावल्यावर मात्र टॅबलेटचं व्हॉल्यूम बटण बऱ्याचदा चालतच नाही, तेव्हा आवाज इंटरफेसच्या नॉबने ठरवायचा. पिन घालताना-काढताना दादाला चॅनेल म्यूट करायला सांगा. आणि केबल स्टँडच्या पायाला एक वेढा देऊन चिकटपट्टीने बांधा, म्हणजे कुणाचा पाय अडकला तरी झटका टॅबलेटच्या पोर्टला बसणार नाही.