टाकणे (मोलगी परिसरातील शिकणाऱ्यांच्या दृष्टीने)

टाकणे : सकर्मक क्रियापद. मूळ अर्थ हातातली वस्तू सोडणे, खाली घालणे, फेकणे. बोलण्यात मात्र हा मूळ अर्थ क्वचितच एकटा येतो. बऱ्याच वेळा हे क्रियापद दुसऱ्या क्रियापदाच्या पाठीशी उभे असते (खाऊन टाकणे, विकून टाकणे, सांगून टाकणे), आणि तिथे फेकण्याचा काही संबंध उरत नाही. मराठी ज्यांच्या घरची भाषा नाही, त्यांचा पाय इथेच अडतो.

मोलगी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले, सातपुड्याच्या पठारावरचे बाजाराचे गाव. जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के आदिवासी आहेत. मोलगीच्या आसपास घरात भिली, नोयरी, पावरी अशा बोली चालतात. मराठी भेटते ती शाळेत, दवाखान्यात, कचेरीत. भाषाभ्यासक ग्रियर्सनने भारताच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ल बोलींना आणि खानदेशीला एकत्र जागा दिली आणि भिल्ल बोलींचे नाते गुजरातीशी जवळचे मानले. म्हणजे इथले मूल मराठीकडे येते ते शेजारघरातून. शब्द ओळखीचे वाटतात, आणि म्हणूनच चकवतात.

मूळ अर्थाचा पसारा. या परिसरात उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, त्यांच्या फोडी करून आमचुरासाठी वाळत टाकतात. मोहाची फुलेही वाळत टाकतात. इथे टाकणे म्हणजे पसरून ठेवणे, त्यात फेकणे नाही. चहा टाकणे म्हणजे तो करायला ठेवणे. दुकान टाकणे म्हणजे सुरू करणे. अंथरूण टाकणे, पाऊल टाकणे, नजर टाकणे, विश्वास टाकणे, छापा टाकणे, बहिष्कार टाकणे हे सगळे प्रयोग रूढ आहेत. गुराने चारा टाकला म्हणजे खाणे थांबवले. शेजाऱ्याने बोलणे टाकले म्हणजे संबंध तोडला. ‘मुलाला आश्रमशाळेत टाकले’ या वाक्यात टाकणे म्हणजे दाखल करणे. घरापासून दूर वसतिगृहात राहणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाच्या कानावर हा शब्द पडतो, तेव्हा त्याला त्यातला कोणता अर्थ ऐकू येत असेल, याचा विचार मोठ्यांनी करायला हवा. नवऱ्याने सोडलेल्या बाईलाही मराठीत ‘टाकलेली’ म्हणतात. तो अर्थ क्रूर आहे. पण शब्द वापरात आहे तोवर नोंदवणे भाग आहे.

सहायक म्हणून. ‘आंबा खाऊन कोय टाकली’ यात दोन क्रिया आहेत, आधी खाणे आणि मग टाकणे. ‘आंबा खाऊन टाकला’ यात एकच. ओळखायची सोपी खूण अशी : मध्ये ‘मग’ घालून पाहावा. ‘खाऊन मग कोय टाकली’ चालते. ‘आंबा खाऊन मग टाकला’ म्हटले की खाण्यावरचा अर्थ उडतो आणि आंबा उकिरड्यावर जातो.

सहायक ‘टाकणे’ सांगते की कर्त्याने काम पुरते केले आणि त्यातून हात मोकळा केला. ‘आमचूर विकले’ ही नुसती बातमी झाली. ‘आमचूर विकून टाकले’ म्हटले की ऐकणारा पुढचे समजून घेतो : पैशाची निकड असेल, पाऊस तोंडावर आला असेल, व्यापारी म्हणेल तो भाव घेतला असेल. यातले काहीच वाक्यात नाही, तरी सगळे ऐकू येते. ‘औषध पिऊन टाक’ यात नकोसे काम एकदाचे संपवण्याची समजूत आहे. ‘पिऊन घे’ यात पिणाऱ्याचे हित पुढे येते. ‘सांगून टाकले’ म्हणजे मनात दाबलेले बाहेर काढले.

एका जोडीकडे विशेष लक्ष द्यावे. ‘त्याने त्याला मारले’ याचा अर्थ मारहाण केली असा होतो, जीव घेतला असाही होऊ शकतो. ‘मारून टाकले’ याचा सरळ अर्थ एकच, जीव घेतला. बोलणारा आपल्या बोलीत सांगतो आणि लिहिणारा मराठीत लिहितो, अशा जबाबात हे दोन शब्द आले की नाही यावर माणसाचे भवितव्य ठरू शकते. दुभाष्याने इथे थांबून पुन्हा विचारावे.

टाकणे आणि जाणे. सहायक ‘टाकणे’ला जाणूनबुजून करणारा कर्ता लागतो. म्हणून ‘मरून टाकले’ ही मराठी नव्हे. आपोआप घडणाऱ्या गोष्टींना ‘जाणे’ लागते : मरून गेला, वाहून गेले. ‘विसरून गेलो’ ही नकळत झालेली चूक आहे, ‘विसरून टाक’ हा सल्ला आहे. या भेदाचे वजन कळायला याच तालुक्यातले उदाहरण पुरे. १९९३च्या पावसाळ्यात नर्मदाकाठच्या मणिबेलीत सरदार सरोवर धरणाचे पाणी शिरले. ‘घरे बुडून गेली’ असे लिहिले की ते पाण्याचे काम ठरते. ‘घरे बुडवून टाकली’ असे लिहिले की कोणी, हा प्रश्न लगेच उभा राहतो. दोन्ही वाक्ये व्याकरणाने शुद्ध आहेत. त्यातले कोणते वापरायचे हे मुलाला निवडता आले, तर त्याला मराठी आली असे म्हणावे.

रूपे. भूतकाळात तृतीय पुरुषातल्या कर्त्याला ‘ने’ लागतो (‘मी’, ‘तू’ तसेच राहतात) आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलते : मुलीने भाकरी खाऊन टाकली, भात खाऊन टाकला, अंडे खाऊन टाकले. साध्या नकारात हे सहायक बहुधा गळते. ‘त्याने भात खाऊन टाकला’ याचा नकार ‘त्याने भात खाल्ला नाही’ असाच होतो. मनाई करताना मात्र ते टिकते : जमीन विकून टाकू नकोस.

इतर भाषांत. फेकण्याच्या क्रियापदावरून काम संपवल्याचा अर्थ काढणे ही एकट्या मराठीची खोड नाही. गुजरातीत ‘खाई नाख्युं’, हिंदीत ‘कर डाला’. नाखवुं आणि डालना दोन्ही मुळात घालण्या-टाकण्याचीच क्रियापदे. इंग्रजी हेच काम क्रियापदामागे लहानसा शब्द ठेवून करते : ‘ईट’ म्हणजे खाणे, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे. ‘गिव्ह अप’चे तुकडे करून पाहिले तर ‘देणे’ आणि ‘वर’ एवढेच हाती लागते, सोडून देण्याचा मागमूस नाही. इंग्रजी शिकणारा रशियन विद्यार्थी इथे अडखळू शकतो, कारण त्याची भाषा हे काम पुढे उपसर्ग जोडून करते : ‘येस्त’ खाणे, ‘स्येस्त’ खाऊन टाकणे. पण त्याच्याकडे ‘ब्रोसित’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ फेकणे, आणि ‘ब्रोसित कुरित’ म्हणजे धूम्रपान सोडणे. गुराने चारा टाकला, त्याच वळणाचा हा प्रयोग. ‘गिव्ह अप’ शिकवताना रशियन शिक्षक या ‘ब्रोसित’कडे बोट दाखवू शकतो, आणि अर्थ एका शब्दात पोहोचतो.

शिकवताना. मोलगीच्या वर्गात हीच वाट धरता येते. ‘टाकणे म्हणजे फेकणे’ असा शब्दार्थ फळ्यावर लिहून भागत नाही. तो पुढच्याच धड्यात खोटा ठरतो. त्यापेक्षा दोन वाक्ये शेजारी ठेवावीत, ‘मी बोर खाल्ले’ आणि ‘मी बोर खाऊन टाकले’, आणि विचारावे : घरी हे कसे म्हणता? मुले आपल्या बोलीतली दोन वाक्ये देतील. भिली बोलणाऱ्याचे वेगळे असेल, पावरी बोलणाऱ्याचे वेगळे. ती दोन्ही मराठी वाक्यांखाली लिहून घ्यावीत.