चाकावरचा हात

विदर्भातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनही एखादा लाकडी पांगुळगाडा सापडतो. तीन चाके, धरायला आडवी दांडी आणि कधीकाळी दिलेल्या लाल-हिरव्या रंगाचे पापुद्रे. नावात पांगुळ असला तरी गाडा पांगळ्यांचा नाही, चालू लागणाऱ्या लेकरांचा आहे. मराठीने चाकांवरच्या या आधाराला पांगळ्याचे नाव दिले आणि वस्तू मात्र धडधाकट बाळाच्या हाती ठेवली. ज्याच्या नावाने गाडा, तो मोठा माणूस आयुष्यभर भावाच्या पाठीवर, आईच्या कडेवर, नाहीतर दोन्ही तळवे जमिनीला टेकत सरकत राहिला. पुराणांना ही विसंगती वेगळ्या रीतीने सुचली होती. सूर्याचा सारथी अरुण हा अनूरु, म्हणजे मांड्यांवाचून जन्मलेला. त्याला कोणी वाहून नेत नाही. सात घोड्यांचा लगाम त्याच्याच हातात असतो. आज नागपुरातल्या एखाद्या चर्चच्या पटांगणात खोकी फोडून व्हीलचेअर जोडणारे स्वयंसेवक पाहिले की मला हे दोघे आठवतात, नावापुरता पांगुळ आणि लगाम धरणारा अरुण. या खुर्चीचा सगळा इतिहास त्या दोघांमधल्या अंतराचा आहे. बसणारा कोण, याहून चाकावर हात कोणाचा, हे विचारत आपण मागे जाऊ.

चाक आणि आसन यांची गाठ फार जुनी आहे. चीनमधल्या इसवी सन ५२५ च्या सुमाराच्या एका शिल्पात चाके लावलेले आसन दिसते. पुढे युरोपात स्पेनचा राजा दुसरा फिलिप संधिवाताने जर्जर झाला, तेव्हा त्याच्यासाठी पाठ मागे कलणारी, पाय लांब ठेवता येणारी आणि पायांना छोटी चाके असलेली खुर्ची बनवली गेली. जेहान लेर्मित या त्याच्या सेवकाने १५९५ साली काढलेले तिचे चित्र आजही उपलब्ध आहे. अर्ध्या जगाच्या त्या धन्याला ती खुर्ची तसूभरही स्वतः हलवता येत नव्हती, ढकलायला नोकर लागे. आपल्याकडे त्यानंतर शंभरेक वर्षांनी घडलेला एक प्रसंग आहे. १७०० च्या ऑक्टोबरात माण नदीच्या काठी खवासपूरला औरंगजेबाच्या छावणीत रात्री पुराचे पाणी शिरले, गडबडीत बादशहाचा गुडघा दुखावला आणि तो जन्माचा लंगडा झाला. त्यानंतरची त्याची दक्षिणेतली वाटचाल तख्त-ए-रवान या वाहत्या सिंहासनावरून झाली, खाली माणसांचे खांदे. हिंदुस्थानात चाक माहीत नव्हते असे कोण म्हणेल? पण चाकाला वाट लागते, आणि आपल्याकडे वाट अवघड व भोई स्वस्त होते. पालखी, मेणा, डोली ही त्या हिशेबाची फळे. ज्याला भोई परवडत नव्हता त्याच्यासाठी यातले काहीच नव्हते.

या दोन राजांच्या मधे, १६५५ साली, न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावात एक घड्याळजी होता. श्टेफान फार्फलर त्याचे नाव, वय २२, लहानपणापासून पांगळा. घड्याळातली दातेरी चक्रे त्याच्या रोजच्या हाताखालची. तीच विद्या वापरून त्याने तीन चाकांचे आसन बनवले आणि पुढच्या चाकाला हाताने फिरवायचे दांडे बसवले. स्वतःच्या हातांनी स्वतःला नेणारी पहिली ज्ञात गाडी ती हीच. या घटनेपाशी थोडे थांबावेसे वाटते, कारण ही गाडी कोणा दात्याने दिली नाही, ज्याला हवी होती त्यानेच केली. आणि ती नामशेषही झाली नाही. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागातून मिळणारी, छातीशी दांडा फिरवत नागपुरातल्या सीताबर्डीच्या चढावरून जाणारी तीनचाकी पाहा. मागे सामानाची पेटी आली, साखळी सायकलची झाली, पण कुळी फार्फलरचीच.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षे मात्र त्याच्या वाटेने फारसे कोणी गेले नाही. इंग्लंडमधल्या बाथ गावी गरम झऱ्यांवर येणाऱ्या रोग्यांसाठी जॉन डॉसनने १७८३ साली जी तीन चाकांची खुर्ची केली, तिची दिशा बसणाऱ्याच्या हाती होती, पण चालना मागून ढकलणाऱ्याची. १८६९ मध्ये अमेरिकेत मागे मोठी चाके आणि पुढे लहान फिरती चाके अशा रचनेचे पेटंट निघाले, आणि पुढच्या काळात मोठ्या चाकाला बाहेरून धरायची कडी बसली. या कडीमुळे खुर्चीला बसणाऱ्याचा हात पुन्हा मिळाला. १९१८ साली खाणीतल्या अपघातात कणा मोडलेल्या हर्बर्ट एव्हरेस्टला ती खुर्ची मोटारीत घेऊन जायची होती. त्याने आपला इंजिनिअर मित्र हॅरी जेनिंग्ज याच्यासोबत १९३३ च्या सुमारास पोलादी नळ्यांची, फुलीच्या आधारावर मिटणारी खुर्ची केली. आपल्या सरकारी इस्पितळांच्या दारात उभी असणारी खुर्ची तिचीच नात.

आता दुसरा धागा घेऊ, खुर्ची घेऊन येणाऱ्यांचा. ख्रिस्ती मनाला या सेवेचे मूळ मार्काच्या शुभवर्तमानात सापडते. पक्षाघाताने पडलेल्या एकाला चौघे मित्र खाटेसकट उचलून आणतात, आणि दारात गर्दी म्हणून छप्पर उकलून त्याला येशूपुढे सोडतात. नागपुरात हा वारसा घेऊन आलेला पहिला मोठा माणूस म्हणजे स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा मिशनरी १८४५ मध्ये आला. त्याने शाळा काढली, दगड आणि जीवाश्म गोळा केले आणि गोंडांच्या चालीरीती टिपल्या. ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ फुगलेल्या ओढ्यात तो बुडाला. विदर्भातली पावसाळ्याची वाट धडधाकट घोडेस्वारालाही कशी होती, याची ही साक्ष. पुढे पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला घेऊन गेल्या, आणि तिथल्या मुक्तिसदनात अंध मुलींसाठी ब्रेलचे शिक्षण सुरू झाले. पोट भरण्यावर न थांबता हाताला विद्या देणे, हे मराठी ख्रिस्ती सेवेने फार लवकर ओळखले होते.

विदर्भात अपंगत्वाचा चेहरा बराच काळ कुष्ठरोगाचा होता. अचलपूरजवळ कोठारा येथे लेप्रसी मिशनचे इस्पितळ, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांचे कुष्ठधाम, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन. ख्रिस्ती आणि गांधीवादी सेवा इथे एकमेकींच्या शेजारी वाढल्या. या कथेत १९५४ हे साल मला सर्वांत दाट वाटते. त्या वर्षी ३० जानेवारीला वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातली तरुण डॉक्टर मेरी वर्गीस मोटार अपघातात कमरेखाली लुळी पडली. शल्यविशारद पॉल ब्रँड यांच्या हाताखाली ती पुन्हा उभारली. उभी मात्र राहिली नाही, चाकाच्या खुर्चीत बसूनच तिने कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या. बसलेल्या डॉक्टरचा हात रोग्याचा हात सरळ करतो आहे, हे दृश्य या देशाने तोवर पाहिले नव्हते. पुढे न्यूयॉर्कला शिकून आल्यावर तिने वेल्लोरला पुनर्वसनाचा विभाग उभा केला, आणि १९६६ मध्ये तिथे पुनर्वसन संस्था सुरू झाली.

१९५४ च्याच सुमारास आनंदवनात परदेशी तरुणतरुणींची एक तुकडी उतरली, सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलची. ही संघटना पिएर सेरेसोल या शांततावादी स्विस इंजिनिअरने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, व्हर्डनच्या रणांगणाजवळ उद्ध्वस्त गाव पुन्हा बांधायला घेऊन सुरू केली, आणि १९३४ च्या भूकंपानंतर ती बिहारमध्येही राबली होती. सेरेसोलची प्रेरणा ख्रिस्ती होती, हाती मात्र फावडे होते. वरोऱ्याला, जिथे गावातला माणूस कुष्ठरोग्याच्या हातची भाजी घेत नव्हता, तिथे या गोऱ्या पोरांनी रुग्णांसोबत विटा वाहिल्या आणि इमारती बांधल्या. काही आठवडे येऊन, हाताने काम करून परत जायचे, ही आजच्या मिशन ट्रिपची घडण आपल्या भागात अशी पोहोचली.

आणि १९५४ च्याच एप्रिलमध्ये, तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी तिचे अध्यक्ष, आणि वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयातले एस. के. जॉर्ज हे ख्रिस्ती प्राध्यापक तिचे एक सदस्य. १९५६ च्या अहवालाने औषधोपचारासारख्या सेवेचा धर्मांतरासाठी साधन म्हणून वापर कायद्याने थांबवावा, असे सांगितले. ख्रिस्ती समाजाला तो अहवाल अन्यायाचा वाटला आणि त्याने तो जोरकसपणे नाकारला. वाद आजही संपलेला नाही. मला वाटते, त्या चौकशीचा प्रश्न खुर्ची देणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कोणत्याही धर्माचा असो की पक्षाचा, स्वतःला विचारावा: घेणाऱ्याने हिच्या बदल्यात काही द्यायचे आहे का? ज्याला नाही म्हणण्याची सोयच नाही अशा माणसापुढे अट ठेवणे हे फार मोठे ओझे आहे.

मधल्या वर्षांत खुर्चीतल्या मराठी माणसांनी आपली वाट स्वतः काढली. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी ऐन तारुण्यात पायांतली ताकद गेल्यावर १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, आणि आत्मकथेला नाव दिले ‘चाकाची खुर्ची’. व्हीलचेअरला घरचा शब्द मराठीत त्या पुस्तकाने रुजवला. सरकारनेही हात लावला: कानपूरला १९७२ मध्ये कृत्रिम अवयव निर्माण महामंडळ, १९८१ मध्ये साधने देण्याची योजना, १९९५ आणि २०१६ चे कायदे. आनंदवनापुरती एक आठवण इथेच सांगतो. मणक्याच्या विकाराने बाबा आमट्यांना बसताच येत नसे, उभे राहायचे नाहीतर आडवे व्हायचे. १९८५ ची कन्याकुमारी ते काश्मीर ही भारत जोडो यात्रा त्यांनी बसमधल्या बिछान्यावरून केली. प्रत्येक शरीराला खुर्चीच लागते असे नाही, हे ध्यानात ठेवूनच पुढे जाऊ.

खुर्च्या वाटणाऱ्या मिशन ट्रिपचा आजचा साचा अमेरिकेतला आहे. जोनी एरिक्सन टाडा ३० जुलै १९६७ ला, सतराव्या वर्षी, चेसापीक उपसागरात सूर मारताना मान मोडून बसली. १९७९ मध्ये तिने संस्था काढली आणि १९९४ पासून जुन्या व्हीलचेअर गोळा करायच्या, तिथल्या तुरुंगांतल्या कैद्यांकडून दुरुस्त करून घ्यायच्या आणि स्वयंसेवक व फिजिओथेरपिस्टांच्या तुकडीसोबत परदेशी न्यायच्या, असा क्रम लावला. दुसरा माणूस डॉन शेंडॉर्फर. या इंजिनिअरने १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोरोक्कोत हातांवर रखडत रस्ता ओलांडणारी एक बाई पाहिली होती. वीस वर्षांनी त्याने कॅलिफोर्नियातल्या आपल्या गॅरेजमध्ये बागेतली पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची घेतली आणि तिला सायकलीची चाके जोडली. अशा चार खुर्च्या घेऊन जानेवारी २००१ मध्ये तो चर्चच्या वैद्यकीय तुकडीबरोबर चेन्नईला उतरला. पहिली खुर्ची मिळाली ती आईवडिलांनी उचलून आणलेल्या ११ वर्षांच्या मुलाला. तिथून फ्री व्हीलचेअर मिशन जन्मले, आणि त्याच्या खुर्च्यांची संख्या पुढे १० लाखांपलीकडे गेली.

मात्र संख्या वाढली तशी एक चूकही उघडी पडली. एकाच मापाची खुर्ची सर्वांना बसत नाही. ज्याला कमरेखाली संवेदना नाही, त्याला रुंद आणि कडक आसनावर काही आठवड्यांत बैठकव्रण होतो, तो चिघळतो, आणि प्रसंगी माणूस जातो. मदत म्हणून आलेली वस्तू अशी जिवावर उठू शकते. नोव्हेंबर २००६ मध्ये बंगळूरला याच प्रश्नावर जगभरच्या तज्ज्ञांची परिषद भरली, आणि २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शिका काढली. खुर्ची वाटू नका, बसवा, हा तिचा गाभा. माणूस तपासणे, माप घेणे, योग्य खुर्ची ठरवणे, ती त्याच्या अंगाला जुळवणे, वापर शिकवणे आणि पुढे दुरुस्ती करणे, अशा पायऱ्या तिने घालून दिल्या. शेंडॉर्फरची प्लॅस्टिकची खुर्चीही पुढे बदलली. वेगवेगळी मापे आली, गादी आली, मिटणारा सांगाडा आला.

त्यामुळे आजच्या शिबिरातला स्वयंसेवक पन्नास वर्षांपूर्वीच्या स्वयंसेवकापेक्षा वेगळे काम करतो. तो टेप घेऊन कमरेची रुंदी मोजतो, गुडघ्यामागून टाचेपर्यंतची लांबी मोजतो, पायपाटी वरखाली करतो, कुठे लाली किंवा जखम आहे का हे विचारतो. ‘काका, जरा पुढे सरका’ म्हणत गादी नीट बसवतो. मग घर कसे आहे हे विचारतो, आणि विदर्भात या प्रश्नाचे उत्तर फार मोलाचे असते. काळी माती जूनच्या पहिल्या पावसात पुढची छोटी चाके गिळून टाकते. इस्पितळातली मिटणारी खुर्ची फरशीसाठी जन्मली, कापसाच्या धुऱ्यासाठी नाही. म्हणून इथे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, मोठ्या पुढच्या चाकांची खुर्ची लागते, नाहीतर शेतरस्त्यावर तरी आल्टडॉर्फच्या घड्याळजीची तीनचाकीच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की उन्हात उभ्या खुर्चीच्या पोलादी कडीला हात लावता येत नाही, म्हणून कडीला सुतळी किंवा जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायला सांगावे लागते. शहरात २०१९ पासून मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आहेत, पण स्थानकापर्यंतच्या पदपथाची पायरी अनेक ठिकाणी वीतभर उंच आहे. मागे जरा झुकून पुढची चाके उचलायची आणि ती पायरी चढायची, हे शिकवायला अर्धा तास जातो. शिकवणारा सुरुवातीला मागची मूठ धरतो, मग दोन बोटे ठेवतो, आणि शेवटी हात काढून घेतो.

स्वयंसेवक आठवड्याने परततात. शेंडॉर्फरने सायकलीचे चाक निवडले ते त्यानंतरच्या दिवसांसाठी. सायकलीचे चाक मोडले तर ते दुरुस्त करणारा माणूस जवळपास सापडतो. उमरेडच्या किंवा काटोलच्या बाजाराच्या कडेला, घमेल्यात पाणी ठेवून ट्यूब बुडवणारा सायकलवाला या लांब कुळातला अगदी अलीकडचा हात. तो बुडबुडे कुठून येतात ते पाहतो, तेवढ्या जागी खरकागद घासतो, ठिगळ दाबून धरतो, हवा भरतो आणि चाक पुन्हा जागी बसवतो. खुर्चीतला माणूस पैसे काढून देतो, दोन्ही हात कड्यांवर ठेवतो आणि बाजारातून वाट काढत निघतो.